रायफल क्रमांक तीनचं पान

करणशेठने सूर्यभानचा अपमान केला तो दिवस संक्रांतीचा. तारीख लक्षात राहायचं कारण असं की माझ्या तोंडात तिळगूळ होता आणि ते वाक्य ऐकून तो गिळायचा राहिला.

भिंगारच्या पुढे टेकडीच्या पोटात आमचा रायफल क्लब आहे. गावाच्या पाटीवर आता अहिल्यानगर आलं, तोंडात अजून नगरच आहे; क्लबच्या पाटीवर दोन्ही आहेत, म्हणजे कुणाची तक्रार नको. तीनशे मीटरची रेंज, पाच रायफली, काडतुसं भरायची एक खोली आणि नोंदवह्या. नोंदवह्या माझ्याकडे. किती काडतुसं दिली, किती उडाली, किती रिकाम्या पुंगळ्या परत आल्या, हे रोज जुळलं पाहिजे. एक पुंगळी कमी पडली तर मी सभासदांना गवतात रांगायला लावतो. त्यामुळे मला कुणी आवडीने हाक मारत नाही, ‘सुमंतकाका आले’ असं फक्त सावध करण्यासाठी म्हणतात.

त्या संक्रांतीला करणशेठचा सत्कार होता. शिर्डीत त्याची दोन हॉटेलं. वय चाळीस, पोट बेताचं, मनगटावर वारा मोजणारं घड्याळ. राज्य स्पर्धेत तीनशे मीटरवर त्याने विक्रम केला होता. कुणीतरी विचारलं, “शेठ, काडतूस कुठलं वापरता?” करणशेठ म्हणाला, “माझं मीच भरतो. सूर्यभानमामा आहेत ना आमचे, ते पुंगळ्या धुतात.”

सगळे हसले. सूर्यभान तिसऱ्या रांगेत बसला होता. इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर झेंडूचा हार घेऊन. हार घालायला तो काही उठला नाही. कार्यक्रम संपल्यावर तो हार मोटारसायकलच्या हँडलला अडकवून घरी गेला.

आता ह्यात खरं काय ते मला माहीत होतं, कारण माझ्या वहीत होतं. सूर्यभान बावीस वर्षं फौजेत आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. खर्ड्याच्या बाजूचा. जमीन भावाकडे ठेवून तो भिंगारला दोन खोल्यांत राहिला तो बंदुकीच्या तेलाचा वास सुटत नाही म्हणून. कोणती दारू किती घालायची, दारू पेटवणारी टोपी कुठली, गोळी पुंगळीत किती खोल बसवायची, ह्या सगळ्या मापांना मिळून आमच्याकडे ‘लोड’ म्हणतात. करणशेठच्या रायफलीचा लोड बसवायला सूर्यभानला आठ महिने लागले होते. दारूचा दाणा दाणा तोलायचा. काटा हलतो म्हणून मे महिन्यात पंखा बंद. एका मापाच्या पाच गोळ्या, मग किंचित दारू वाढवून पुढच्या पाच, मग पुढच्या. तीनशे मीटरवरून कागद काढून आणायचा आणि भोकांवर वाटी ठेवून बघायची. वाटीखाली झाकली तर बरं. सूर्यभान तेवढ्यावर थांबला नाही, शेवटी पाच भोकं एका पाणीपुरीखाली झाकली गेली, तेव्हा तो म्हणाला, “आता शेठनं फकस्त श्वास धरायचा.”

आणि हो, पुंगळ्याही तोच धुवायचा. चिंचेच्या पाण्यात, देवाच्या भांड्यांसारख्या. वाक्य खोटं नव्हतं, एवढीच त्यातली लबाडी.

क्लबच्या व्हरांड्यात विक्रमांचा फळा आहे. नाव, गुण, रायफल, दारूगोळा, असे चार रकाने. करणशेठच्या नावापुढे चौथ्या रकान्यात रंगाऱ्याने लिहिलं: स्वतः.

सूर्यभान तीन महिने क्लबात आला नाही. आला तो सरळ माझ्या टेबलापाशी.

“सुमंतराव, ते ‘स्वतः’ खोडायचं हाय.”

“मी कसं खोडू? सभासदाने लेखी दिलंय तसं.”

“मंग लेखीच खोडू. त्याच्या हातानं लिव्हून घेनार. माजं नाव, त्याचं अक्षर.”

“तो लिहील असं वाटतं तुला?”

“मला घाई न्हाई,” सूर्यभान म्हणाला आणि टबात चिंच भिजत घातली.

मला वाटलं, राग उतरेल. दोन वर्षं झाली तरी उतरला नाही. सूर्यभान रागाचं कामही दारू तोलल्यासारखंच करत होता, पंखा बंद करून.

त्याची मुलगी पंकजा नेमबाजी करत होती. स्वतःची रायफल नाही. क्लबची क्रमांक तीन ही सगळ्यांत जुनी, सहा मिलिमीटरची बोल्टची, म्हणजे मागचा दांडा ओढून-रेटून भरायची रायफल तिच्या वाट्याला आली, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. हजारो गोळ्या जाऊन तिच्या नळीची तोंडाकडची नव्हे, आतल्या टोकाची झीज झालेली. जिथे नळीचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चऱ्या सुरू होतात ती जागा पुढे सरकलेली. गोळी नेहमीसारखी बसवली तर आट्यांपर्यंत पोचताना आतच डगमगायची. सूर्यभानने गोळी पुंगळीत कमी खोल बसवायला सुरुवात केली. काडतूस लांब, आणखी लांब. सूर्यभान खुश होत गेला, कारण भोकं जवळ येत गेली.

“आण्णा, हे काडतूस आहे का शेवग्याची शेंग?” पंकजा म्हणायची.

“तू ट्रिगर दाब. भाजीचं आई बगंल.”

ह्या लोडची नोंद माझ्या वहीत आहे. वही उघडली की डाव्या पानावर रायफलीचा क्रमांक, सूचना आणि खाली सह्या. उजव्या पानावर मापं. आमचा नियम असा की कुठल्याही सभासदाला कुठलाही लोड बघता येतो, मात्र बघितल्याची सही डाव्या पानावर करायची. रायफल तीनच्या डाव्या पानावर सूर्यभानने लाल शाईने लिहिलं होतं: ‘हा लोड फक्त रायफल क्र. ३ साठी. दुसऱ्या रायफलीत गोळीची लांबी नव्याने बसवणे.’ खाली दोन रेघा. फौजेतली सवय.

इकडे करणशेठने नवी परदेशी रायफल आणली होती, तीही सहा मिलिमीटरचीच. जुन्या रायफलीचा लोड तिच्यात चालेना. भोकं ताटाएवढी पसरायला लागली. ह्यातून माणसाने शिकायचं ते हे की लोड एका रायफलीतून दुसरीत जात नाही. करणशेठ शिकला ते हे की लोड जुना झाला.

मार्चमध्ये एका दुपारी तो आला. शिर्डीच्या हॉटेलांचं आवरून निघाला की क्लबात पोचायला त्याला दुपारच व्हायची.

“काका, पंकजाचा लोड बघायचा होता. नियम आहे ना?”

“आहे.”

मी वही काढून त्याच्यापुढे उघडली. त्याने उजव्या पानाचा मोबाईलवर फोटो घेतला, एकदा लांबून, एकदा जवळून.

“सही,” मी म्हणालो आणि डाव्या पानावर बोट ठेवलं. बोट लाल शाईच्या अगदी खाली होतं. त्याने झोकात सही केली, पेन माझ्या खिशात परत खोचलं आणि गेला. लाल शाई त्याने वाचली नाही. मीही वाचून दाखवली नाही. वाचून दाखवायचा नियम नाही. हे मी त्या दिवशी स्वतःला तीनदा सांगितलं, त्यावरून काय ते समजा.

संध्याकाळी मात्र मला राहवेना. मी भरायच्या खोलीत गेलो. सूर्यभान काट्यासमोर बसला होता.

“करण तुझा लोड घेऊन गेला.”

“बरं झालं.”

“सूर्यभान, खरं सांग. मापात काही गडबड नाही ना? रायफल फुटली तर डोळा जाईल त्याचा.”

त्याने चष्मा काढला. इतका वेळ माझ्याकडे बघितलं की मीच खाली बघितलं.

“आर्मरर हाय मी. बावीस वर्सं दुसऱ्याच्या गालाला लागनारी बंदूक दुरुस्त केली. खोटा आकडा लिव्हीन व्हय? दारू हलकी ठिवलीय, बगा की. त्याच्या नळीत थोडा दाब वाढंल, पन पार खालच्या अंगाला हाय. फुटनार न्हाई. उलट चांगली लागंल.”

“मग तुझा फायदा काय?”

“हाय थोडा,” तो म्हणाला. “तो भरलेलं काडतूस कदी बाहेर काढत न्हाई. जेवढी घालतो तेवढी मारतो. काढंल तवा बगा.”

मला समजलं नाही म्हणून त्याने रिकामी नळी आणि एक गोळी घेऊन दाखवलं. लांब काडतूस नव्या रायफलीत घातलं की बोल्ट बंद करताना गोळी आट्यांत दाबून रुतते. मारली तर काही कळत नाही. पण न मारता बोल्ट उघडला तर पुंगळी मागे येते, गोळी नळीत अडकून राहते आणि सगळी दारू आत सांडते.

एप्रिलभर करणशेठने सराव केला. दुपारी, एकटा. गोळ्या खरंच जवळ लागत होत्या. त्याने मला कागद दाखवला, भोकांवर स्वतःचं कार्ड ठेवून. “बघा काका. आठ महिने कशाला लागतात कुणाला?” बोल्ट मात्र त्याला तळहाताने रेटून बंद करावा लागत होता. तो म्हणायचा, “टाइट बसतं. म्हणून तर अचूक.” सूर्यभान मागे टबात पुंगळ्या खळबळत होता. त्याने मान वर केली नाही.

विभागीय स्पर्धा मेच्या दुसऱ्या रविवारी. पहिल्या तिघांना राज्याच्या संघात जागा. पुण्याहून जूरी म्हणून लीनाताई आल्या होत्या, बारीक आवाजाच्या आणि जाड नियमपुस्तकाच्या. स्पर्धेच्या दिवशी क्लबचा आर्मरर रेंजवर हजर लागतो. तो अर्थात सूर्यभान.

आता आमच्या रेंजची एक गोष्ट इथल्या माणसाला सांगावी लागत नाही. निशाणांच्या मातीच्या बंधाऱ्यामागून वस्तीकडे कच्चा रस्ता जातो. उन्हाळ्यात त्यावरून पाण्याचा टँकर जातो, सकाळी पावणेअकराच्या सुमाराला. तो दिसला की लाल बावटा वर, गोळीबार बंद, सगळ्यांनी रायफली रिकाम्या करून बोल्ट उघडे ठेवायचे. टँकर गेला की पुन्हा सुरू. सकाळी सराव करणारी आमची पोरं साडेदहा वाजले की काडतूस आत घालायची घाईच करत नाहीत. करणशेठ दुपारी येणारा. त्याने टँकर कधी बघितलाच नव्हता.

दहा वाजता सुरू झालं. पंकजा चौथ्या जागेवर आडवी पडली होती, करणशेठ सातव्या. अर्ध्यावर आलो तेव्हा करणशेठ तिच्यापुढे तीन गुणांनी होता. चांगला मारत होता, ते नाकारून मला काय मिळणार? माझ्याच वहीतला लोड होता. पहिल्या तिघांत त्याचं बसणं जवळपास ठरलेलं. पंकजाचं मात्र काठावर.

मी सूर्यभानकडे बघितलं. तो झाडाखाली स्टुलावर, मांडीवर सफाईची लांब सळई आडवी धरून, एखाद्या बाईने लाटणं धरावं तसा. त्याने मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

दहा पंचेचाळीसला बंधाऱ्यामागे धूळ उठली. लाल बावटा वर गेला. शिट्टी. “गोळीबार बंद! रायफली रिकाम्या करा!”

खळ्ळ खळ्ळ बोल्ट उघडले. पंकजाने आधीच काडतूस घातलं नव्हतं. करणशेठ मात्र नेम धरून पडलेला, बोटाच्या टोकावर दाब आलेला. त्याने चरफडत बोल्ट मागे ओढला. येईना. मग जोर लावून ओढला.

पुंगळी आली, पण नुसती. मागोमाग दारूचे काळे दाणे बोल्टमध्ये, चटईवर, त्याच्या गोऱ्या मनगटावर सांडले. गोळी नळीत.

करणशेठने रायफल हलवली. मग फुंकर मारली. आणखी दाणे उडाले. शेजारचा नेमबाज सरकून लांब झाला.

“सात नंबर, काय झालं?” लीनाताईंनी विचारलं.

“काही नाही मॅडम. एक मिनिट.”

“नळीत गोळी आहे का?”

करणशेठने मनगटावरचे दाणे झटकले.

“आर्मररला बोलवा,” लीनाताई म्हणाल्या. “नेमबाजाने स्वतः हाक मारायची. नियम आहे.”

आता तीसेक माणसं बघत होती. टँकर शांतपणे डचमळत बंधाऱ्यामागून चालला होता. करणशेठने मान वळवली, पण त्याच्या तोंडून नाव निघेना. शेवटी म्हणाला, “आर्मरर.”

सूर्यभान उठला नाही. कानामागे हात धरून म्हणाला, “कोन हाक मारतंय?”

“मामा, या ना!”

मग तो आला. सळई नळीच्या तोंडातून हळूच आत घातली, तळहाताने दोन ठोके. गोळी मागे तळहातात पडली. बोल्ट काढला, दाणे ब्रशने झाडले, नळी पुसली, उजेडात धरून आरपार बघितली. काम चोख. रायफल परत देताना म्हणाला, “शेठ, झाली साफ. पुंगळी धुवून देऊ का?”

पंकजाने चटईत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते.

करणशेठला वेळ वाढवून मिळाला. पण पुढचं काडतूस घालायचा धीर होईना. त्याने कारखान्याची विकत काडतुसं मागितली, ती वेगळ्या उंचीवर लागली, नेम सावरेपर्यंत बरेच गुण गेले. तो अकरावा आला.

बिघाड झाला की माझ्याकडे एक अर्ज भरावा लागतो. त्यात रकाना आहे: ‘काडतूस कोणी भरले?’ करणशेठ अर्ज घेऊन माझ्यासमोर बसला. त्या रकान्यावर पेन अडकलं. ‘स्वतः’ लिहिलं तर चूक स्वतःची. मग एकदम त्याच्या डोळ्यांत चमक आली आणि तो भराभरा लिहू लागला. रकाना पुरेना म्हणून मागची बाजूही भरली. लीनाताईंच्या हातात कागद देऊन म्हणाला, “ही तक्रार आहे. मुद्दाम घातपात केलाय माझा.”

लीनाताईंनी मोठ्याने वाचलं. “सदर लोड सूर्यभान यांचा आहे. यापूर्वी माझे सर्व लोड, राज्य विक्रमाच्या वेळचा धरून, सूर्यभान यांनीच तयार केले होते व त्यांत कधीही एका केसाचीही चूक नव्हती. इतका जाणकार माणूस चुकणे शक्य नाही. अर्थात या वेळची चूक हेतुपुरस्सर आहे.”

 सूर्यभान दाराशी उभा होता. त्याचा हात चौकटीवर गेला आणि तिथेच राहिला.

“पुरावा?” लीनाताई म्हणाल्या.

“लोड क्लबच्या वहीतला आहे. माझ्याकडे फोटो आहे.”

“वही दाखवा, सुमंतराव.”

मी वही उघडली. लीनाताईंनी उजवं पान फोटोशी ताडून बघितलं. आकडा न् आकडा खरा. मग त्यांनी डावं पान बघितलं. लाल शाई वाचली. दोन रेघा बघितल्या. खाली झोकदार सही.

“ही कुणाची?”

करणशेठ वाकून बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरची पेनं सरळ करत होतो.

तक्रार फेटाळली गेली. मात्र जूरीपुढे आलेला कागद क्लबच्या दप्तरात राहतो आणि सभासदाने लेखी दिलं तसा फळा दुरुस्त करावा लागतो. बुधवारी रंगारी आला. ‘स्वतः’ खरवडलं, तिथे ‘सूर्यभान’ लिहिलं. सूर्यभानने तक्रारीच्या दोन झेरॉक्स मागितल्या. एक घरी नेली. एक प्लास्टिकमध्ये घालून भरायच्या खोलीत, पुंगळ्या धुवायच्या टबाच्या बरोबर वर चिकटवली. “काम करताना वाचायला बरं,” म्हणाला.

“आण्णा,” पंकजा म्हणाली, “मी दुसरी आले. संघात निवड झाली माझी. कुणी बघितलं का?”

“बगितलं की.”

“खोटं. तुम्ही सातव्या चटईकडे बघत होता.”

सूर्यभान पहिल्यांदाच ओशाळला. “ते बी बगितलं,” म्हणाला आणि तिच्या रायफलीचा बोल्ट पुसायला घेतला, जो तिने आधीच पुसला होता.

पंधरा दिवसांनी करणशेठ आला. सकाळी आला, हे विशेष.

“काका, ती तक्रार मागे घ्यायचीय. कागद द्या परत.”

“मागे घेता येते,” मी म्हणालो. “पण कागद परत मिळत नाही. मागे घेतल्याची नोंद होते, मूळ मजकूर पुन्हा उतरवून. हा घ्या. इथे सही.”

मी वही त्याच्यापुढे सरकवली. मजकूर मी आदल्याच आठवड्यात उतरवून ठेवला होता, चांगल्या अक्षरात. येणार हे माहीत होतं. करणशेठने पेन घेतलं, मग खाली ठेवलं. उजवं पान वाचलं. डावं पान वाचलं. पान उलटून मागची बाजूही बघितली.

आतल्या खोलीतून पाण्याचा खळखळ आवाज थांबला.

“शेठ,” सूर्यभानने आतून विचारलं, “चष्मा लागला व्हय?”

करणशेठने सही केली. ह्या वेळी बारीक.